सागाच्या बियांना राख

मलकापूरच्या सरकारी गोदामात हिंमतरावांनी तिसऱ्या पोत्याची शिवण उसवली, सागाच्या बियांची मूठ भरली आणि त्यांचा चेहरा पडला. तळहात करडा झाला होता. बियांना राख चोळलेली होती, आणि पोत्याच्या तळाशी काळ्या मातीची ढेकळं.

हिंमतराव बियाण्याचे तपासनीस. महाराष्ट्र होऊन चारच वर्षं झालेली. नवं राज्य, नवे नियम. ‘हे बी सातपुड्याच्या डोंगरातलं’ असा दाखला त्यांनी द्यायचा, मग पोत्यावर लाखेची मोहर, मग आगगाडी. डोंगरातला साग सरळ वाढतो, म्हणून मागणी त्यालाच. पण डोंगरातली माती तांबूस, मुरमाड. ही सपाटीवरची होती.

हिंमतरावसाहेबांचा राग नाकावर. त्यांनी ते पोतं जीपमध्ये टाकलं आणि जीप थेट, पोतं जिथून आलं त्या वरवट बकालच्या चावडीसमोर उभी केली. बिया वेचणाऱ्या बायांची मुकादम सोजराबाई हिला बोलावणं गेलं. गाव जमलं.

“हे पोतं कोणी भरलं?”

“म्याच भरलं साहेब. डोंगरातलंच बी हाये.”

“मग काळी माती कुठून आली?”

“मले नाई माईत.”

“आणि राख काऊन लावली?”

सोजराबाईला तशातही हसू आलं. “सागाले राख कोन लावते, साहेब? दगडावानी बी. त्याले कीड काय खाईन?”

इथेच साहेबांनी थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. गावादेखत म्हणाले, “चोरटी बाई! तुझ्या बायांची वेचणी आजपासून बंद.”

डोंगरपायथ्याच्या त्या बायांच्या चुली वेचणीवरच पेटत. सोजराबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती निघून गेली.

दुपारी हिंमतराव गावातल्याच थोरल्या बहिणीकडे, गीताबाईकडे जेवायला गेले. डोंगरातून आलेली पोती एक रात्र तिच्याच ओसरीवर राहत. नियमानं ती चावडीत ठेवायची. पण चावडीत उंदीर फार, आणि बहीण घरची.

गीताबाई मळेवाली. वाढून झाल्यावर ती दोडक्याचं बी राखेत घोळत बसली. बोलता बोलता मूठ राखेत, मग बियांत.

हिंमतरावांचा घास हातातच राहिला. ओसरीच्या कोपऱ्यातला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कुड नवाकोरा होता. खालची जमीन ताजी सारवलेली.

“बाई, कुड काऊन बदलला?”

“जुना झाला होता.”

“दिवाळीत तर बांधला.”

गीताबाई बिया खालीवर करत राहिली.

“आन मळ्याच्या बांधावर साग हाये. त्याच्याखाली बियांचा सडा पडते. औंदा कुठं गेला?”

तिच्या मुठीतली राख सांडली.

हिंमतराव हळू आवाजात बोलू लागले. “पोतं डोंगरातलंच आलं होतं. मोहर मलकापुरात बसते, तोवर नुसती शिवण. रात्री अंगणातल्या चुलीची ठिणगी कुडाले लागली, पोतं जळलं. तू बांधावरचं बी झाडून दुसरं पोतं भरलं, म्हून काळी माती. आन भरता भरता तुह्या हातानं सवयीनं राख चोळली. मळ्यातल्या बाईशिवाय सागाले राख कोनी लावत नाई. सोजराबाईनं मले तोंडावर सांगतलं होतं.”

“पोती माह्या घरी ठेवली म्हून तुह्या नोकरीवर आलं असतं रे,” गीताबाई रडत म्हणाली. “मले वाटलं, साग तो साग.”

“तिले चोर म्हटलं तवा तू कुठं होती?”

“चावडीपाशीच. बायांच्या मागं.”

काखेत कळसा नि गावाला वळसा! हिंमतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम मोडला त्यांनी, लपवलं बहिणीनं, आणि भोगलं तिसरीनंच.

ते तसेच उठले आणि सोजराबाईच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले. सगळं सांगितलं. वेचणी उद्यापासून सुरू, हेही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सकाळी सारं गाव होतं, साहेब. आता लोक आपापल्या वावरात गेले. त्यायले कोन सांगन?”

जीप चावडीसमोरच सोडून हिंमतराव वावरांच्या वाटेला लागले. पहिल्याच बांधावर त्यांनी मागे वळून पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढून गीताबाई येत होती.