दहावं नाव

आमच्याकडे पाऊस नसतो. त्यामुळे प्रेमात पडायचंच झालं तर डोक्यावर एसीचं पाणी गळतं, एवढंच!

माझ्याही बाबतीत तेच झालं. सप्टेंबर महिना, दुपारचा एक, दुबईचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. मी युनिव्हर्सिटीच्या ॲडमिन बिल्डिंगच्या भिंतीला चिकटून सावलीसावलीने चालले होते. वरच्या एसीतून टप्पकन एक थेंब कपाळावर पडला. मी वर बघितलं... आणि समोरून येणाऱ्या मुलावर जाऊन धडकले.

त्याच्या हातातलं खोकं उलटलं. कागदी पताकांच्या रंगीत माळा माझ्या पायांत, माझ्या बॅगेत, माझ्या केसांत. माझं आयडी कार्ड मात्र त्याच्या हातात.

"सॉरी, सॉरी!" मी म्हटलं. त्याचं लक्षच नव्हतं. तो माझं कार्ड वाचत होता.

"कॅथरीन... परेरा?" त्याने मान वर केली. गव्हाळ रंग, कपाळावर कुरळ्या बटा, आणि हसला की एकाच गालाला खळी. दुसऱ्या गालाला नाही हं, एकाच. "परेरा! तू माझ्या लिस्टवर आहेस. मी तुला तीन मेल पाठवले!"

आता आठवलं. 'प्रिय हिस्पॅनिक मैत्रिणी' अशी सुरुवात असलेले तीन मेल आले होते खरे. मी ते लॉटरीवाल्या मेलसारखे उडवून टाकले होते.

"मी फाबियान. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून आलोय, माचाला गाव. आम्ही हिस्पॅनिक हेरिटेजची, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांची संध्याकाळ करतोय. अख्ख्या कॅम्पसमध्ये आमची नऊच डोकी सापडली, आणि दहा नावं असल्याशिवाय ऑडिटोरियम मिळत नाही. मग मी रजिस्टरमधली आडनावं शोधत बसलो. रॉड्रिग्ज, गोमेझ... आणि तू! तू दहावी!"

आता इथे मी सरळ सांगायला हवं होतं. की बाबा रे, मी वसईची. माझे पप्पा फ्रान्सिस परेरा, नंदाखालचे, बर दुबईच्या एका हॉटेलात शेफ. आमच्या गावात हाक मारली तर चार परेरा, दोन डिमेलो आणि एक रॉड्रिग्ज वळून बघतात, आणि सगळे मराठीतच "काय झालं?" विचारतात. चारेकशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी आम्हाला आडनावं दिली, स्पॅनिश कोणी शिकवलं नाही. मला 'होला'च्या पुढे एक शब्द येत नव्हता.

पण त्याने खोक्यातून फॉइलमध्ये गुंडाळलेली, अजून गरम असलेली, करंजीसारखी चीजची एम्पनाडा काढून माझ्या हातावर ठेवली. "नाही म्हणू नकोस हं. प्लीज..."

आणि ती खळी पडली.

मी नाही म्हटलं नाही. बस्स. इतकंच माझं पाप.

"कोणत्या देशाची?" कार्यक्रमात छातीवर लावायचा नावाचा बिल्ला भरताना त्याने विचारलं.

"ते... नंतर लिहू?"

"सस्पेन्स? आवडलं मला," तो म्हणाला, आणि देशाची जागा कोरी सोडून बिल्ला माझ्या हातात दिला.

हे सगळं माझ्या मैत्रिणीला, दुआला सांगितलं तर ती पोट धरधरून हसली. दुआ शारजाची, आमच्या सगळ्या क्लबांची सेक्रेटरी, कार्यक्रमपत्रिकाही तीच छापते. "हबीबती, आता सांगून टाक त्याला."

"सांगेन गं. हॉल मिळू दे आधी. नऊ जणांचा कार्यक्रम माझ्यामुळे बुडाला तर?"

"कार्यक्रमाची काळजी आहे की खळीची?"

मी तो कोरा बिल्ला बॅगेत कोंबला.

खरं सांगते, मी दुसऱ्याच मीटिंगला सांगणार होते. पण त्या मीटिंगला फाबियान म्हणाला, "कॅथरीन, शेवटी आपल्या दोघांचा कुंबिया आहे."

"कुंबिया म्हणजे?"

"डान्स. सोपा असतो. एक पाय हळूच मागे ओढायचा, बस. मंगळवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिस. लायब्ररीच्या मागच्या पॅसेजमध्ये."

"मला नाचता येत नाही रे! लग्नाच्या बँडवर हात हलवते तेवढंच."

"मग मंगळवार, बुधवार आणि गुरुवार," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

तिथपासून माझी झोप उडाली. घरी अजमानला रात्री आरशासमोर पाय ओढत बसायचे. मम्मी विचारायची, "कॅथी, पाय मुरगळलाय का गं?" आणि त्या पॅसेजमध्ये... मोबाइलवर बारीक आवाजात ढोलकीसारखं काहीतरी वाजायचं, आणि फाबियान दोन हात पुढे करून उभा. मी चुकायचे. दर चौथ्या पावलाला चुकायचे. त्याचा नियम ठरलेला होता. चुकलं की थांबायचं, त्याने माझा हात नीट हातात घ्यायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"तू वैतागत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"कशाला? मला पहिली पावलं जास्त आवडतात."

माझे कान तापले. नशीब, तेवढ्यात सिक्युरिटीचे सुरेशअंकल किल्ल्या वाजवत आले. "यल्ला बेटा, छह बज गए. खलास!"

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी घरची एकेक खाण्याची गोष्ट आणायची होती. मेक्सिकोवाली मोले नावाचा तिखट सॉस आणणार, कोलंबियावाला आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या. मी काय आणू? एम्पनाडा विकत आणून खपवली असती, पण मन होईना. शेवटी नंदाखालच्या मावशीने पाठवलेली सुकेळी उचलली. राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधलेली, मधासारख्या रंगाची. मी लहान असल्यापासून आमच्या प्रत्येक सुट्टीचा वास हाच.

फाबियानने एक तुकडा तोंडात टाकला... आणि डोळे मिटून चघळत राहिला.

आता हेही सांगायला हवं की त्याच्या वडिलांची केळीची बाग होती. माचालात म्हणे घर सोडून जिकडे बघाल तिकडे केळीच. पोरगा केळ्याच्या सालीवरून जात ओळखणारा.

"हे वाळवलेलं केळं आहे," तो हळूच म्हणाला.

"हो."

"मी असं केळं आयुष्यात खाल्लेलं नाही. कुठलं हे?"

"समुद्राकाठचं," मी म्हटलं.

"कुठल्या समुद्राच्या?"

"...तू खा ना गुपचूप!"

तो हसला. दोन तुकडे टिश्यूत बांधून खिशात टाकले. "रूममेटला देतो. तो दिवसभर मॅगी खातो बिचारा."

त्या रात्री मला पहिल्यांदा रडू आलं. इतके दिवस मजा वाटत होती, आता भीती वाटायला लागली. कारण मला तो आवडायला लागला होता. आवडायला कसला, मी पार आकंठ बुडाले होते! आणि त्याला जी आवडत होती ती मी होते का? ती होती कुठलीतरी लांबच्या देशातली, गूढ, दहावी परेरा. अजमानच्या वन बेडरूममध्ये वाढलेली, सकाळी सहाची बस पकडणारी, बोंबलावर जीव टाकणारी कॅथी त्याला कुठे ठाऊक होती? खरं कळल्यावर तो माझ्याकडे बघेल तरी का?

मी ठरवलं. कार्यक्रमात प्रत्येकाला 'माझं घर' यावर दोन मिनिटं बोलायचं होतं. तिथेच सांगायचं. मागून कोणी सांगण्यापेक्षा मीच समोरून सांगितलेलं बरं.

आणि वेळही दवडून चालणार नव्हतं, कारण मम्मी-पप्पा येणार होते. "तुझ्या कॉलेजात फंक्शन आणि आम्ही घरी बसायचं? वा गं वा!" असं म्हणून मम्मीने लाल लुगडं इस्त्रीलासुद्धा टाकलं होतं. ते नेसून ती हॉलमध्ये शिरली की माझं गूढ किती टिकणार होतं?

संध्याकाळ उजाडली... म्हणजे मावळली, काय ते. ऑडिटोरियमभर त्या कागदी पताका. केरळची पोरं आरेपा खातायत, फिलिपिनो मुली गिटारवर कुणाशी तरी सूर जुळवतायत, दोन इमिराती प्रोफेसर तिसऱ्यांदा मोले वाढून घेतायत. पहिल्या रांगेत मम्मी लाल लुगड्यात, चेहरा फुललेला. पप्पा बाजूला, बोटाने सॉस चाखून त्यात काय काय घातलंय ते ओळखत बसलेले. आणि स्टेजच्या कडेला फाबियान, पांढऱ्या शर्टात. मी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि लगेच बघितलं.

"कॅथरीन परेरा!" दुआने माइकवर पुकारलं.

मी माइकसमोर जाऊन उभी राहिले. छातीवर तो कोरा बिल्ला.

"हॅलो... माझं नाव कॅथरीन. आणि मी हिस्पॅनिक नाही."

कुणाचा तरी चमचा खाली पडला.

"माझं आडनाव परेरा आहे, पण मी भारतातली आहे. मुंबईच्या उत्तरेला वसई नावाची जागा आहे, तिथली. आमच्याकडे चर्च आहेत, केळीच्या बागा आहेत, आणि आम्ही घरात मराठी बोलतो. जन्मले इथे, वाढले अजमानला. मला कोणी चुकून तुमच्यातली समजलं आणि मी गप्प बसले. आधी एम्पनाडासाठी. मग हॉलसाठी. आणि मग..." मी स्टेजच्या कडेला बघितलं. "मग एका माणसासाठी. त्याची मी माफी मागते. मला वाटलं, खरी कॅथी त्याला आवडणार नाही..."

फाबियान तिथे नव्हता. जागा रिकामी होती. मागचं दार हलत होतं.

गेला. ऐकून निघून गेला.

मी माइक दुआच्या हातात कोंबला आणि खाली उतरले. टाळ्या वाजत होत्या, पण मला त्या कुठून तरी लांबून ऐकू येत होत्या. मम्मी उठून उभी राहिली. "अगं, रडतेस कशाला? काय वाईट सांगितलंस? वसईच सांगितलीस ना?"

"मम्मी, प्लीज..."

"कॅथरीन!"

मागच्या दारातून तो धावत आला होता, घामाघूम. हातात खाण्याच्या टेबलावर ठेवतात तसं एक जाड कार्ड. चारी बाजूंनी केळीची पानं रंगवलेली, रंग कधीचा वाळलेला, आणि मध्ये वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत लिहिलेलं होतं: 'कॅथरीन परेरा, वसई.'

मी कार्डाकडे बघत राहिले. "हे आत्ता...?"

"आत्ता नाही. दहा दिवस झाले. माझा रूममेट तनिष विरारचा आहे. त्याने तुझं केळं तोंडात टाकलं आणि किंचाळलाच, 'अरे, ही तर आमच्या वसईची सुकेळी!' मग रात्रभर तो मला वसई सांगत बसला. ही अक्षरं त्याने चार वेळा गिरवून घेतली माझ्याकडून."

"दहा दिवस तुला माहीत होतं? आणि तू गप्प?"

"तू सांगशील याची वाट बघत होतो. आज नसतं सांगितलंस तरी हे कार्ड देणारच होतो, पण गाडीतच राहिलं. म्हणून धावलो," तो धापा टाकत म्हणाला. "कॅथरीन, मला गूढ परेरा नको होती. मला तर ती मुलगी आवडली होती, जिच्या केसांत पताका अडकल्या होत्या आणि जी तरीही सॉरी मलाच म्हणत होती."

मी ते कार्ड छातीशी धरलं. खळी अगदी समोर होती.

"पण दहावं नाव? हॉल?"

फाबियानने मान खाली घातली. उत्तर दुआने दिलं. ती मागे उभी राहून सगळं ऐकत होती, चोंबडी कुठली. "दहावं नाव कोणाचंही चालतं. मी स्वतः माझं देत होते. पण साहेब म्हणाले, नको, परेराच पाहिजे."

"फाबियान!"

"मी तेव्हा खरंच तुला आमच्यातली समजत होतो!" तो घाईघाईने म्हणाला. "निदान पहिले तीन दिवस तरी. मग कळलं, तुला 'होला'च्या पुढे काही येतच नाही."

मी डोळे पुसले. हसू येत होतं, राग येत होता, काय काय येत होतं. "बरं, जाऊ दे. आपला कुंबिया कितवा आहे? मी बूट बदलून येते."

दुआने भुवया उंचावल्या. "कुंबिया? कसला कुंबिया? मी पत्रिका छापलीये. डान्स नाहीच आहे कार्यक्रमात."

मी फाबियानकडे वळले. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"डान्स नाही?"

"नाही."

"कधीच नव्हता?"

"...नव्हता."

"मग तीन आठवडे आपण प्रॅक्टिस कशाची करत होतो?"

तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला, अगदी अपराधी चेहऱ्याने. "तू चुकलीस की तुझा हात धरायची."

मागून पप्पांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. इंग्रजी त्यांना व्यवस्थित कळतं, हे मी विसरलेच होते. "सोफिया," ते मम्मीला म्हणाले, "पोराला शुक्रवारी जेवायला बोलव. केळीवाला आहे म्हणे."

"आधी डान्स तर बघू," मम्मी पुन्हा खुर्चीत ऐसपैस बसली. "हिच्या मुरगळलेल्या पायाचं रहस्य आज कळलं!"

गिटारवाल्यांनी सूर धरला. फाबियानने दोन्ही हात पुढे केले, त्या पॅसेजमध्ये करायचा तसेच. तीन आठवड्यांत एकेक पाऊल मला पाठ झालं होतं, झोपेतही चुकले नसते.

मी त्याच्या हातांत हात दिले, आणि पहिल्याच पावलाला मुद्दाम चुकले.