तीच शिंक दोनदा

“थांबव! मागे घे! पुन्हा लाव!” पाऊण इतक्या जोरात ओरडला, की भिंतीवरची ‘कृपया शांतता राखा’ ही पाटी लाजून खाली पडायची तेवढी बाकी राहिली.

किल्लीने बटण दाबून ध्वनिफीत मागे घेतली. पाऊण हा तिचा धाकटा भाऊ. उंची, वय आणि अक्कल या तिन्ही बाबतींत तो पाऊणच भरतो, असं त्यांच्या चुलतभावाचं, म्हणजे मौनीचं म्हणणं होतं. मौनीला मौनी म्हणत, कारण जन्मल्यापासून तो एकदाही गप्प बसलेला नव्हता. आणि किल्लीला किल्ली म्हणत, कारण बंद वस्तू दिसली की ती उघडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आजवर तिने घरातली दोन घड्याळं उघडली होती. त्यातलं एक अजून चालतं. उलटं.

सुट्टीत तिघांना विमान संग्रहालयात काम मिळालं होतं. जुन्या विमानतळाच्या टॉवरमधलं सगळं रेडिओवरचं बोलणं कधीकाळी टेपवर भरून ठेवलेलं होतं. संचालकांनी ते आता संगणकात आणलं होतं. मुलांनी श्रवण कक्षात हेडफोन लावून ऐकायचं आणि कुठलं विमान, कसलं बोलणं, ते टिपून ठेवायचं. सुरुवातीला धमाल आली. एका वैमानिकाने तक्रार केली होती, “धावपट्टीवर कुत्रा बसलाय, त्याला उठायला सांगा.” टॉवरने शांतपणे उत्तर दिलं होतं, “कुत्रा रेडिओवर नाही.”

हे उत्तर देणारी होती त्यांची आत्याआजी! आजोबांची धाकटी बहीण. तिची सगळी नोकरी त्याच टॉवरमध्ये, विमानांना वाट दाखवण्यात गेली होती.

आणि मग ती टेप सापडली.

टपालाचं विमान, आत एकटा वैमानिक, इंजिन बंद. तो हाक मारतो. टॉवरकडून त्याला उत्तर नाही. बराच वेळ गेल्यावर तो पुन्हा हाक मारतो, तेव्हा कुठे आत्याआजीचं उत्तर येतं. विमान कोसळलं, वैमानिक गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. चौकशीत इंजिनाचा दोष निघाला होता आणि विषय संपला होता. पण पहिल्या हाकेला उत्तर मिळालं नव्हतं, हे आत्ताच उघडकीस आलं. संचालकांनी त्यावर अख्खं दालन उभारलं. दारावर पाटी लावली, ‘उत्तर न मिळालेली हाक’.

त्यांनी ती टेप आत्याआजीला बोलावून ऐकवली. आदराने, खुर्ची देऊन. घरी परतल्यापासून आत्याआजी निराळीच झाली होती. एरवी ती बातम्या सांगणाऱ्याशी भांडायची, त्याच्या चुका काढायची. आता रेडिओच लावत नव्हती. “मी लगेच बोलले होते, असं मला आठवतं,” ती एकदाच म्हणाली. “पण टेप कशाला खोटं बोलेल? माझंच डोकं खोटं बोलत असणार. मग बाकीच्या आठवणींचं तरी काय?” उद्या दालनाचं उद्घाटन होतं. वैमानिकाची मुलगी येणार होती. आत्याआजीने ठरवलं होतं, सगळ्यांसमोर तिची माफी मागायची.

“ऐका आता,” पाऊण कुजबुजला.

खरखर. वाऱ्याची दिशा सांगणारा आत्याआजीचा तरुण आवाज. मग वैमानिकाची शिंक, “आ... आ... आक्छिईं!” शेवटी उंदराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंचाळी. मग, “टॉवर, इंजिन बंद पडलंय. ऐकताय का?” पुढे खरखर, इकडचं तिकडचं बोलणं, पुन्हा वाऱ्याची दिशा. आणि पुन्हा, “आ... आ... आक्छिईं!” उंदीर तोच. शेपटी तीच.

“सर्दी झाली असेल,” मौनी म्हणाला. “सर्दीत माणूस दोनदा शिंकतो. आमचे चित्रकलेचे सर तर...”

“माणूस दोनदा शिंकू शकतो,” किल्ली सावकाश म्हणाली. “पण तीच शिंक दोनदा शिंकू शकत नाही.”

चित्रकलेचे सर मौनीच्या तोंडातच राहिले.

तिघं धावत संचालकांकडे गेले. संचालक शिडीवर उभे राहून पाटी सरळ करत होते. पाटी सरळच होती, पण उद्या पाहुणे येणार होते.

“एकच शिंक?” ते वरूनच म्हणाले. “बाळांनो, मी इतिहासाचा अभ्यासक आहे. शिंकांचा नाही.”

“पण सर, वाऱ्याची दिशासुद्धा शब्दाला शब्द...”

“वाऱ्याची दिशा टॉवर सारखीच सांगतो. पळा! आणि त्या टेपला आता हात लावायचा नाही. समजलं?”

घरी आत्याआजी खिडकीशी बसली होती. किल्लीने शिंकेबद्दल सांगायला तोंड उघडताच तिने हात वर केला. “माझी कड घ्यायला काहीतरी शोधून काढू नका. घरच्यांची साक्ष कुणी धरत नाही.”

किल्लीने शिंकेचा विषय सोडला. पण बंद वस्तू समोर होती, आणि ती उघडल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती. तिने किल्ली बदलून पाहिली.

“आत्याआजी, संग्रहालयात टेपची दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवलीत. एक बिघडलं तर दुसरं, म्हणून का गं?”

“छे!” कामाचा प्रश्न आला तशी आत्याआजीची पाठ आपोआप ताठ झाली. “पहारेकऱ्यासारखं असतं ते. नवा येऊन उभा राहिल्याशिवाय जुना हलत नाही. पहिल्या यंत्रावरचं रीळ संपत आलं की दुसरं आधीच सुरू करायचं. थोडा वेळ दोन्ही चालायची. मग पहिलं बंद. मधला एक शब्द हरवता कामा नये.”

“म्हणजे तो थोडा वेळ...”

“दोन्हीकडे भरला जायचा. त्यात काय एवढं?” आणि ती पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

किल्लीने भावाचा हात इतक्या जोरात दाबला, की तो पाऊणचा अर्धा व्हायची वेळ आली. तिघं स्वयंपाकघरात पळाले.

“पहिलं रीळ हाकेपाशी संपलं!” किल्ली धापा टाकत म्हणाली. “दुसरं त्याच्या आधीच सुरू झालं होतं. संचालकांनी दोन्ही रिळं एकापुढे एक जोडली. तोच वेळ दोनदा वाजतोय!”

“हाक एकच होती,” मौनी म्हणाला. आयुष्यातलं त्याचं सर्वांत छोटं वाक्य.

“मग सांगू या ना तिला!” पाऊण म्हणाला.

“घरच्यांची साक्ष,” किल्ली म्हणाली. “सगळ्यांनी कानांनी ऐकलं तरच.”

दुसऱ्या दिवशी दालन माणसांनी भरलं होतं. पहिल्या रांगेत वैमानिकाची मुलगी. केस पिकलेली, हातातली पर्स घट्ट धरून बसलेली. तिच्या पलीकडे आत्याआजी, इस्त्रीच्या साडीत, चेहरा राखेसारखा. संचालकांचं भाषण संपत आलं होतं. भिंतीलगत पाहुण्यांना ऐकण्यासाठी दोन ध्वनियंत्रं होती, मोठे कर्णे असलेली. दोन्हींत तीच ध्वनिफीत. एकापाशी किल्ली, दुसऱ्यापाशी पाऊण.

“सर, एक शंका!” मौनी उभा राहिला. “विमानाला आरसे असतात का? मागून दुसरं विमान आलं तर? आणि हॉर्न? नसेल तर का नसतो?”

संचालक उत्तर देऊ लागले. ही त्यांची मोठी चूक झाली. मौनीला उत्तर दिलं की त्यातून दोन नवे प्रश्न जन्माला येतात. तोवर किल्लीने पहिली शिंक शोधून ठेवली, पाऊणने दुसरी.

तेवढ्यात आत्याआजी उठून उभी राहिली. “मला काही बोलायचंय,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी...”

“आता!” किल्ली ओरडली.

दोन शिंका दालनात घुमल्या. मागेपुढे! एक संपते तोच दुसरी. लोक हसले. पाऊणने घाबरून बटण उशिरा दाबलं होतं.

“हा काय पोरकटपणा!” संचालक गरजले. “बंद करा ते!”

वैमानिकाची मुलगी हसली नव्हती. “थांबा,” ती म्हणाली. “हे माझे बाबा शिंकतायत. काय करतेयस तू, बाळ?”

“दोन्ही एकाच क्षणाच्या आहेत,” किल्ली म्हणाली. “पुन्हा लावू? प्लीज?”

बाईंनी मानेनेच हो म्हटलं.

या वेळी किल्लीने पाऊणकडे पाहिलं. दोघांनी एकत्र श्वास घेतला आणि एकत्र बटण दाबलं.

एकच शिंक. दोन कर्ण्यांतून, पण एकच! एकच खरखर, एकच आवाज, “टॉवर, इंजिन बंद पडलंय. ऐकताय का?” कुठे केसाएवढी फट नाही. किल्लीने आपलं यंत्र थांबवलं. “पहिलं रीळ इथे संपलं,” ती म्हणाली. पाऊणचं यंत्र चालूच होतं. त्यातून लगेच, हाकेच्या शेपटीला धरूनच, तरुण आत्याआजी बोलली, “ऐकतेय. धावपट्टी तुमच्यासाठी मोकळी केलीय.”

फीत तिथेच अचानक थांबली.

संचालक यंत्राकडे पाहत होते. मग स्वतःच्या पाटीकडे. “रिळं... मीच जोडली होती,” ते पुटपुटले.

“पुढे काय आहे?” वैमानिकाच्या मुलीने विचारलं.

“पुढचं मी कापलं. ऐकणाऱ्यांना जड जाईल म्हणून.”

“लावा.”

संचालकांनी मूळ फीत लावली. “येत नाही धावपट्टीपर्यंत,” वैमानिक म्हणाला. “टॉवर, बोलत राहा.” आणि आत्याआजी बोलत राहिली. डावीकडे मोकळं रान आहे. वारा समोरून आहे. मी इथेच आहे. “दिसतंय रान,” तो म्हणाला. त्यानंतर फक्त तिचाच आवाज होता. मी ऐकतेय. मी ऐकतेय.

फीत संपली. किल्लीला वाटलं होतं, रहस्य सुटलं की टाळ्या वाजतात. एकही टाळी वाजली नाही, आणि वाजली असती तर तिला आवडलं नसतं.

“वेळेवर बोलले,” आत्याआजी हळूच म्हणाली. “तरी वाचला नाही तो.”

“आई जन्मभर म्हणायची, ते एकटेच गेले,” वैमानिकाच्या मुलीने तिचा हात धरला. “एकटे नव्हते. तुम्ही कशाची माफी मागणार होतात हो?”

संचालक शिडी घेऊन आले आणि त्यांनी स्वतः पाटी काढली. मग मुलांसमोर येऊन, तोंडी परीक्षेला आल्यासारखे उभे राहिले. “मी ऐकलं नाही तुमचं. ज्या दालनाचं कामच ऐकण्याचं, तिथे मी ऐकलं नाही. शाबास तुमची! हे दालन आता तुमच्याकडून समजून घेऊन नव्याने लावू.”

“चालेल,” मौनी म्हणाला. “पण आरशांचं राहिलंच.”

वैमानिकाची मुलगी किल्लीकडे वळली. “त्यांचं साधं बोलणं आहे का गं कुठे? रोजचं? मी फार लहान होते. मला त्यांचा एवढाच आवाज माहीत असू नये.”

होतं तर! कितीतरी होतं. सुट्टीभर तिघांनी तेच तर ऐकलं होतं. श्रवण कक्षात किल्लीने दोघींना खुर्च्या दिल्या आणि एक फीत लावली. तीत तो टपालवाला स्वच्छ सकाळी येत होता.

“नमस्कार टॉवर! आज वारा काय म्हणतोय?”

फितीत क्षणभर खरखर झाली. तेवढ्यात आत्याआजीच बोलून गेली, “वारा काही म्हणत नाही, तुम्हीच जास्त बोलता.”

आणि पाठोपाठ फितीतून तिचा तरुण आवाज आला, शब्दाला शब्द तोच, “वारा काही म्हणत नाही, तुम्हीच जास्त बोलता.”

आत्याआजीने स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. “आठवतंय,” ती म्हणाली. “सगळं बरोबर आठवतंय. पुढचं लाव.”