राहिलेलं इंजेक्शन

मोबाईल उपडे ठेवा रे सगळ्यांनी. आणि मध्येच कोणी खिदळलं, तर गोष्ट तिथेच बंद. मी ज्या हॉस्पिटलात वीजकाम बघायचो ना, तिथल्या एमआरआयवाल्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. सहा फूट उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. भुताखेतांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. रात्रीचा दीड. मशीनच्या खोलीत कायम गारठा, म्हणून लंबू खालच्या स्टोअरमधून दोन ब्लँकेटं घेऊन वर आला, तर दारात स्ट्रेचर उभं. कॉलेजातली मुलगी. चार दिवस ताप, डोकं फुटायला आलेलं, आता तर बरळत होती. सोबत वडील.

"मेंदूचा फोटो काढायचाय," रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडम फोनवर म्हणाल्या. "साधाच काढ. किडनीचा रिपोर्ट अजून आला नाही, त्यामुळे रंगाचं इंजेक्शन नको. ते उद्या बघू." हे औषध दिलं की साध्या फोटोत न दिसणारंही उठून दिसतं, पण त्यासाठी किडनी धड लागते.

लंबूने मुलीला आडवं केलं, हातात रबरी फुगा दिला. आत घाबरायला झालं की पेशंटने तो दाबायचा. इकडे काचेपलीकडच्या खोलीत घंटी वाजते. वीस मिनिटांत काम उरकलं. फोटो साफ होते. मुलीला बाहेर नेलं.

"काळजीचं काही नाही ना, दादा?" वडिलांनी विचारलं.

"फोटोत तरी काही दिसत नाही, काका."

बापाचा जीव भांड्यात पडला. लंबू परत येऊन खुर्चीत टेकला. दोन वाजून दहा मिनिटं.

घंटी वाजली.

त्याने काचेतून पाहिलं. टेबल रिकामं. फुगा कडेला लोंबतोय. काहीतरी बिघाड असणार, म्हणून त्याने बटण दाबून घंटी बंद केली.

पुन्हा वाजली. लांब. कोणीतरी दाबून धरल्यासारखी.

मग स्पीकर खरखरला. मशीनमधला माणूस बोलला की त्यातून ऐकू येतं.

"बाळा…"

लंबूने पुन्हा काचेतून पाहिलं. टेबल रिकामंच.

"बाळा, झालं का रे?"

म्हातारीचा आवाज. दमलेला.

"माझं… इंजेक्शन राहिलं ना…"

आवाज ओळखीचा होता. आठ महिन्यांपूर्वी अशाच तापात एक आजी आली होती. तिचेही फोटो साफ. तिचंही इंजेक्शन उद्यावर. निघताना तिने लंबूला हेच विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "राहू दे आजी, घाई काय आहे?" मेंदूच्या आवरणाला संसर्ग झालेला, साध्या फोटोत तो दिसलाच नव्हता. आजी पहाटेच गेली.

स्पीकरमध्ये आता नुसता श्वास. एक… मग बराच वेळ काहीच नाही… मग एक.

"तिचं… उद्यावर नको ठेवूस…"

लंबू उठला तो धावतच सुटला.

"मॅडम, रिपोर्ट आला का बघा!"

"अरे, झालंय काय तुला? घामाघूम…"

"आधी बघा!"

रिपोर्ट दहा मिनिटांपूर्वीच येऊन पडला होता. किडनी ठणठणीत.

मुलगी पुन्हा मशीनमध्ये गेली. रंगाचं औषध चढलं, आणि पडद्यावर मेंदूभोवतीचं आवरण पांढरंफटक उजळलं. मॅडमचा चेहरा उतरला. "मणक्यातलं पाणी तपासायला घ्या. औषधं आत्ताच्या आत्ता चालू करा."

मुलगी वाचली. तीन आठवड्यांनी आपल्या पायांनी घरी गेली.

लंबू याबद्दल कोणापाशी बोललाच नसता. पण सकाळी मी ती घंटी तपासायला गेलो होतो, तेव्हा सफाईवाल्या मावशींनी आम्हा दोघांना हाक मारली. मशीनच्या बोगद्यात, पार आत, कापसाचा बोळा सापडला होता. इंजेक्शन दिल्यावर हाताला लावतात तसा, चिकटपट्टीसकट. मधोमध रक्ताचा ठिपका. ओला.

मुलीला औषध वॉर्डातच लावलेल्या सलाईनच्या नळीतून दिलं होतं.

त्या रात्री, त्या खोलीत, कोणालाही सुई टोचलेली नव्हती.