मिसेस पेल्हॅमच्या दारातला पाहुणा

मोरदरी पठारावरच्या रेडिओ वेधशाळेत त्या शुक्रवारी दुपारी एक बंद पडलेलं घड्याळ चालू झालं, आणि डॉ. शर्वाणी देवस्थळीच्या पायाखालची जमीन सरकली.

घड्याळ वेधशाळेतलं नव्हतं. ते पडद्यावर दिसणाऱ्या एका इंग्रजी दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेलं होतं. चित्र कृष्णधवल, मधूनमधून थरथरणारं. घड्याळाखाली एक लठ्ठ बाई किटलीतून चहा ओतत होती. ती मिसेस पेल्हॅम. समुद्रकाठच्या गावात खोल्या भाड्याने देणारी विधवा, एका जुन्या ब्रिटिश मालिकेची नायिका.

"आधीच्या तिन्ही भागांत ते सव्वाचारवर अडकलेलं होतं ना?" शर्वाणीने विचारलं.

"होतं मॅडम," इक्बाल मुजावर म्हणाला. इक्बाल म्हणजे वेधशाळेचा लहरतज्ज्ञ. आकाशातून आलेल्या खरखरीतून कामाचं काही वेचून काढणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा देशात दुसरा नव्हता. "आज त्यात चार वाजून पस्तीस मिनिटं झालीत."

ही मालिका १९६९ साली इंग्लंडमध्ये दर आठवड्याला दाखवली गेली होती. पुढे टेप महाग म्हणून कंपनीने त्याच टेपांवर दुसरं काहीतरी चित्रित केलं. जगात एकही प्रत उरली नाही. आणि अठरा दिवसांपूर्वी वृषभ राशीच्या दिशेने आलेल्या क्षीण लहरींमधून इक्बालने तिचा पहिला भाग जसाच्या तसा सोडवून काढला होता.

तेव्हा त्याने शर्वाणीला हिशेब सोपा करून सांगितला होता. "टीव्हीच्या लहरी घरातल्या अँटेनापाशी थांबत नाहीत, मॅडम. त्या अवकाशात जातच राहतात. वाटेत कशावर तरी आपटल्या तर परत फिरतात. बासष्ट वर्षांनी परत आल्या, म्हणजे तो आरसा एकतीस प्रकाशवर्षांवर आहे. मी याला चित्रप्रतिध्वनी म्हणतो."

"पण मूळ भाग सात दिवसांनी यायचे, आपल्याकडे सहा दिवसांनी येतायत. आणि बाईचा आवाज चिरका का?"

"समोरून येणाऱ्या गाडीचा भोंगा चिरका ऐकू येतो ना? तसंच. आरसा आपल्याकडे येतोय. वेग प्रकाशाच्या वेगाचा तेरावा हिस्सा. घाबरू नका, पोचायला चारशे वर्षं लागतील. आपल्या खापरपणतवंडांनी बघून घ्यावं."

दोघंही हसली होती. तो हिशेब चुकीचा नव्हताच. फक्त आरसा आहे हे त्यात गृहीत धरलेलं होतं.

शर्वाणीने आत्याला फोन लावला. मथुआत्या पंच्याऐंशी वर्षांची. तरुणपणी ती लेस्टरच्या एका इस्पितळात नर्स होती. संध्याकाळची पाळी नसली की भाड्याच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीसमोर बसायची आणि पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर वहीत आपलं मत लिहायची. सिनेमा असो, मालिका असो, हवामानाचा अंदाज असो, मथुआत्याच्या तावडीतून काही सुटत नसे. 'इंग्रजी सिनेमात माणूस मेला की चहा करतात आणि लग्न ठरलं तरी चहाच करतात, त्यामुळे मधूनच पाहायला बसलं तर काय झालंय ते कळत नाही,' हे तिचं एक मत. निवृत्त होऊन ती वाईला आली, आणि गेली सहा वर्षं गावच्या एफएम केंद्रावर दर रविवारी 'घरबसल्या' नावाच्या कार्यक्रमात ही मतं ऐकवत होती. हरवलेल्या मालिकेचे भाग शर्वाणी तिला कौतुकाने पाठवायची, आणि आत्या ते पाहून नवी मतं जुन्यांना जोडायची.

"आत्या, चौथ्या भागाबद्दल वहीत काय आहे गं?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "भाग चौथा. कर्नलला खोकला आहे, अभिनय नाही. घड्याळ अजूनही सव्वाचार. दहापैकी पाच." मग आत्या खूश होऊन म्हणाली, "ऐकलास का रविवारचा माझा कार्यक्रम? मी स्पष्टच बोलले. म्हटलं, बासष्ट वर्षं झाली, आता तरी कुणीतरी त्या घड्याळाला चावी द्या!"

शर्वाणीने कसाबसा फोन ठेवला आणि इक्बालला सगळं सांगितलं. त्याने फळ्यावरचा जुना हिशेब पुसून टाकला.

"प्रतिध्वनी शब्द बदलत नाही," तो म्हणाला. "म्हणजे हा प्रतिध्वनी नाही. कुणीतरी हे भाग त्या काळी टिपून ठेवले, आणि आता स्वतःच पाठवतंय. एकतीस प्रकाशवर्षं विसरा. आत्याबाई रविवारी बोलल्या. ते पाठवणाऱ्यांपर्यंत जाऊन बदललेला भाग शुक्रवारी आला. जाऊन येऊन पाच दिवस. म्हणजे जास्तीत जास्त अडीच प्रकाशदिवसांवर आहे ते."

"आणि वेग?"

"आरसा असता तर लहर दोनदा दाबली गेली असती, आपटताना आणि परतताना. ही एकदाच दाबली गेलीय, म्हणजे वेग दुप्पट. प्रकाशाच्या वेगाचा सातवा हिस्सा." त्याने खडू खाली ठेवला. "फार तर सतरा-अठरा दिवस, मॅडम."

"पण आपल्याला आपलीच मालिका का दाखवायची?"

इक्बालचं आजोळ माणदेशातलं. तो म्हणाला, "आमच्याकडे पारधी तित्तर पकडायला जातो तेव्हा तित्तराच्याच आवाजात शीळ घालतो. तित्तराला वाटतं, आपलंच कुणीतरी आहे. ते उत्तर देतं. मग पारध्याला कळतं, कुठल्या झुडपात आहे ते."

त्या झुडपाचं नाव वाई होतं, आणि तित्तर पंच्याऐंशी वर्षांचं होतं.

दिल्लीला कळवलं गेलं. समिती बसली. समितीने आधी कुणी तोंड उघडू नये असं ठरवलं, मग काय करावं हे मात्र ठरवलं नाही. शर्वाणीने आत्याला सगळं खरं सांगितलं आणि कार्यक्रम बंद करायला लावला. आत्या आयुष्यात पहिल्यांदाच मत न देता गप्प बसली.

पाचवा भाग आला. वहीप्रमाणे त्यात चोरी व्हायला हवी होती. तशी ती झालीही, पण मध्येच मिसेस पेल्हॅम खुर्चीत बसली, तिने हात मांडीवर ठेवले आणि सरळ समोर पाहत राहिली. पाच मिनिटं. बोलण्याची पाळी दुसऱ्याची असावी आणि आपण वाट पाहावी, तशी.

सहाव्या भागात वहीप्रमाणे लग्न होतं. लग्न झालंच नाही. पन्नास मिनिटं ती बाई समोर पाहत होती आणि मागे घड्याळ चालत होतं. अगदी शेवटी दारावरची घंटा वाजली, दोनदा आखूड, एकदा लांब. दाराच्या धुरकट काचेमागे टोपी घातलेल्या माणसाची सावली उभी राहिली. वहीत असा पाहुणा कुठेच नव्हता.

सातवा भाग अठराव्या दिवशी, मंगळवारी चार वाजता यायचा होता. आदल्या दिवशी समितीचा निरोप आला. ते जे काही आहे ते जगात एकाच व्यक्तीचं ऐकतं, तेव्हा त्या व्यक्तीनेच त्याला परत जायला सांगावं. एफएम केंद्राची थेट जोडणी आत्याच्या घरी दिली जाईल. वाक्य समितीने लिहूनच पाठवलं होतं: 'पाहुण्याने परत जावं आणि कधीही येऊ नये.'

मंगळवारी शर्वाणी वाईला आत्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बसली होती. तिला काळजी वाटत होती, पृथ्वीची वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त समोरच्या या म्हातारीची वाटत होती. आई गेल्यावर तिला याच बाईने वाढवलं होतं. टेबलावर वेधशाळेतलं चित्र थेट दाखवणारा पडदा आणि माइक होता, शेजारी तो कागद होता, आणि फोनवर पठारावरून इक्बाल.

चारला चित्र आलं. मिसेस पेल्हॅम दाराशी उभी होती. तिने इकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "दारात कुणीतरी आलंय. आपलं काय मत आहे?"

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा मराठीत तोंड उघडलं होतं.

"आज बाईचा घसा बरा सुटलाय," आत्या हळूच म्हणाली. "चिरकत नाही."

शर्वाणीने फोन तोंडाशी धरला. "इक्बाल, लहर?"

"दाबलेली नाही." इक्बाल म्हणाला. "अगदी मूळच्या मापाची आहे. ते आता येत नाहीये, मॅडम. थांबलंय."

"कुठे?"

"ते लहरीवरून कळणार नाही. आत्याबाईंनी बोलायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, तेवढंच."

शर्वाणीने कागद पुढे सरकवला. "आत्या, लिहिलंय तेवढंच वाच. एक शब्दसुद्धा इकडेतिकडे करू नकोस."

आत्याने चष्मा लावला. पडद्यावर दार किलकिलं झालं आणि फटीतून हातमोजा घातलेला हात आत आला.

"घाबरलेय गं मी, शरू," आत्या म्हणाली, आणि माइकजवळ वाकली. "नमस्कार मंडळी. मी मथुरा देवस्थळी. माझं मत असं, की पाहुण्याने आत येऊ नये."

'नये' म्हणताक्षणी हात थांबला. क्षणाचाही उशीर झाला नाही. शर्वाणीच्या हातातल्या घड्याळाचा काटा हललासुद्धा नव्हता. तिला अंतर कळलं, आणि ते कळल्यावर तिला किंचाळावंसं वाटलं.

"पाहुण्याने परत जावं," आत्याने वाचलं. हात मागे गेला. दार मिटलं. काचेमागची सावली वळली. मिसेस पेल्हॅमने मान डोलावली.

इक्बाल फोनवर ओरडला, "जातंय! मॅडम, लहर सैल पडतेय, दूर जातंय ते!"

शर्वाणीला रडू फुटलं. कागदावर अजून चार शब्द उरले होते. पण आत्याने चष्मा काढून डोळे पुसले, आणि तिला एकदम त्या पाठमोऱ्या सावलीची दया आली असावी. इतक्या लांबून आलेला. तहानलेला असेल. पंच्याऐंशी वर्षांत या बाईने दारातल्या माणसाला कोरडं 'जा' कधी म्हटलं नव्हतं. दूधवाल्याला नाही, वर्गणीवाल्याला नाही, लेस्टरमध्ये तिच्याशी उर्मटपणे बोलणाऱ्या घरमालकिणीलासुद्धा नाही. आपल्याकडे निरोपाच्या वेळी जे म्हणतात, ते तिच्या तोंडून सवयीने, मायेने निघून गेलं.

"आज घरात काही सोय नाही हो, वाईट वाटून घेऊ नका. पुन्हा या. नक्की या, म्हणजे नीट चहापाणी होईल."

"आत्या!" शर्वाणीने माइकवर झडप घातली, पण शब्द गेले होते.

काचेमागची सावली थबकली. मिसेस पेल्हॅमचा चेहरा उजळला. ती घाईघाईने आत गेली, तिने चहाचं आधण ठेवलं, दोन कप मांडले, जरा विचार करून तिसराही मांडला. मग चित्र पुसलं गेलं.

"लहर बंद झाली," इक्बाल म्हणाला. "मॅडम, पाठवणंच थांबवलंय त्यांनी. गेले असतील ना? मॅडम?"

शर्वाणीने फोन खाली ठेवला. ज्याला कुठे पोचायचं ते कळलं आहे, त्याला आता शीळ घालायची गरज उरली नव्हती. वर्षानुवर्षं वापरलेल्या खुर्चीत आत्या तोंडावर हात ठेवून बसली होती. आपण काय बोललो ते तिलाही कळलं होतं.

"मी आपलं बोलायची पद्धत म्हणून..." ती पुटपुटली. "तसं कुणी खरंच येतं का गं?"

घराची घंटा वाजली. दोनदा आखूड, एकदा लांब.