सात नंबरचा कोंबडा

"हा आपला सात नंबर नाहीच!" चिमणी पिंजऱ्याला नाक लावून ओरडली.

"कशावरून? तोच राखाडी रंग, तीच ऐट!" तिच्या आतेभावाने, ढब्बूने, जांभई दिली.

आई लांबच्या गावी कामाला गेल्यामुळे चिमणीची सगळी सुट्टी आत्याकडे होती. आत्या पिसांसाठी कोंबडे वाढवायची. मासे पकडायच्या गळाला खोटी माशी म्हणून बांधायला त्यांच्या मानेची लांब, अरुंद पिसं लागत. भांडून ती मोडू नयेत म्हणून प्रत्येक कोंबडा वेगळ्या पिंजऱ्यात. आत्या कामात बुडालेली, ढब्बू मित्रांमध्ये. मग चिमणी दिवसभर सात नंबरसमोर बसून राही. तोही एकटा, तीही एकटी. तिने हाक मारली की तो मान तिरपी करून बघायचा. काल कोंबड्यांच्या प्रदर्शनाहून गाडीवाल्याबरोबर परतल्यापासून मात्र त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

"आई, ऐकलंस? कोंबडा चिमणीशी बोलत नाही!" ढब्बू खो खो हसला.

"दमला असेल," आत्या वर न बघताच म्हणाली. "गाडीवाल्याने स्वतः आणून ठेवलाय."

चिमणीचे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारची मुलगी, वकीलबाई, कुंपणावरून डोकावली. वाद घातल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून हे नाव.

"पुरावा आहे?"

"आहे! सात नंबरच्या कानाची पाळी पांढरी होती, याची लाल. पाय पिवळे होते, याचे काळपट. आणि पीस बघ, रुंद! बुडाशी नुसता कापूस. ही जातच वेगळी आहे!"

ढब्बूची दुसरी जांभई अर्ध्यावरच थांबली.

तिघं सायकली पिटाळत गाडीवाल्याकडे पोचली.

"खानावळीसाठीही एक कोंबडा आणला होता," तो डोकं खाजवत म्हणाला. "चहाला थांबलो तेव्हा पिंजरे उतरवले, परत चढवले. कोंबडा तो कोंबडा! त्यात काय बघायचं?"

"खानावळ!" तिघं एकदमच किंचाळली.

खानावळीच्या मागच्या अंगणात आचारी सुरीला धार लावत होता. टोपलीखालून दोन पिवळे पाय दिसत होते.

"थांबा!" वकीलबाई आडवी आली. "हा शिजायचा नाही, काका! याला पिसांसाठी वाढवलाय. चाचपून तर बघा!"

आचाऱ्याने चाचपलं. "अरेच्चा, नुसती हाडंच की!"

"सात नंबर..." चिमणीने हळूच हाक मारली. कोंबड्याने मान तिरपी केली. तिने त्याला उचलून पोटाशी धरलं.

घरी आत्याने त्याला उजेडात धरलं. पाळी बघितली, पाय बघितले, मानेचं पीस बोटांत धरून बघितलं. मग तिने बदल्यात अंड्यांची टोपली खानावळीत धाडली आणि तो दुसरा कोंबडा अंगणात सोडून दिला. मागोमाग आलेल्या गाडीवाल्याने कान पकडले.

"वीस वर्षं हे काम करतेय मी," आत्या म्हणाली. "आणि काल पिंजऱ्यात डोकावलेसुद्धा नाही. अशी नजर माझीही नव्हती गं तुझ्या वयात!"

ढब्बूने टाळ्या वाजवल्या. चिमणी हसली, पण लगेच खाली बघू लागली.

आत्याने तिची हनुवटी वर केली. "आईची आठवण येते?"

"संध्याकाळी जास्त."

"मग संध्याकाळी पिसं निवडायला माझ्याजवळ बसत जा," आत्या म्हणाली आणि पोतं झटकून तिथेच खाली बसली.