काचेवर लिहिलेलं टक्कल

"माझं टक्कल करशील का?"

मी हे विचारलं तेव्हा सलूनमध्ये तो मुलगा एकटाच होता आणि फुग्याची दाढी करत होता. खरंच सांगते. टम्म निळा फुगा, त्यावर साबणाचा फेस आणि त्याच्या हातात वस्तरा. नवशिक्याने आधी फुग्यावर हात बसवायचा, मग माणसाच्या गालाला हात लावायचा, असा त्याच्या मावशीचा नियम. सलून मावशीचंच होतं.

माझा प्रश्न ऐकून फुगा फुटला.

फेस त्याच्या भुवयांवर, आरशावर, माझ्या शाळेच्या स्वेटरवर... काचेच्या दाराबाहेर चष्मा आणि ढमी, म्हणजे माझ्या जिवलग मैत्रिणी, हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आत जाऊन त्याला टक्कल करायला सांगायचं, ही पैज त्यांचीच. शाळेतून येताना मी रोज या सलूनसमोर वाकून बुटाची नाडी बांधते आणि माझ्या बुटांना नाडीच नाही, हे त्यांना कळलं होतं.

"टक्कल?" त्याने भुवई पुसली. "असा काय गुन्हा केलास?"

माझी वेणी कमरेच्याही खाली जाते. त्यामुळे कारण तसंच भारदस्त हवं होतं. हातात आमच्या शाळेच्या गटाचा मदतीचा डबा होता, त्यानेच वाचवलं.

"निर्वासितांसाठी," मी मान ताठ करून म्हणाले. "पुरेसे पैसे जमले की... टक्कल."

वाटलं, हसेल. तो हसला नाही.

"क्रीडागृहातल्या लोकांसाठी?"

मी मान डोलावली. त्यांच्या देशात युद्ध पेटलं, म्हणून घरदार सोडून आलेली कुटुंबं शहराच्या टोकाला, क्रीडागृहात राहत होती. कडाक्याच्या थंडीत तान्ह्या बाळांनाही गार पाण्याची अंघोळ. आमच्या गटाला तिथे पाणी तापवायचा मोठा बॉयलर बसवून द्यायचा होता. पण डबा दिसला की लोकांना नेमका समोरचा फुटपाथ आवडायला लागायचा.

"मावशी," त्याने आत हाक मारली, "जरा बाहेर ये. ही बघ काय म्हणतेय."

मावशी आली. तिने सगळं ऐकलं, माझी वेणी तळहातावर तोलून पाहिली आणि दुकानाच्या काचेवर लाल रंगात मोठ्ठं लिहून टाकलं : 'बॉयलर आला की या मुलीचं टक्कल. पैसे आत टाका.'

मी तोंड उघडेपर्यंत माझी जाहिरात झाली होती.

आणि गंमत म्हणजे, डबा भरायला लागला. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसांसाठी न थांबणारी माणसं टकल्या मुलीसाठी हमखास थांबत. थांबली की आम्ही त्यांना सोडत नव्हतो. चष्मा क्रीडागृहाची माहिती सांगायची, ढमी डबा वाजवायची. शाळेच्या मैदानावर तर आम्ही फुग्यांचा स्टॉलच लावला. पैसे टाका, फुग्याची दाढी करा, फुटला तर पुन्हा पैसे टाका. आमच्या मुख्याध्यापकांनी ओळीने सहा फोडले.

मला शिकवायला अर्थातच तो.

"दाबू नकोस. नुसता सरकव."

"सरकवतेच आहे."

"हात थरथरतोय तुझा."

"तू धरलायस म्हणून."

हे मी मोठ्याने बोलले? बोलले होते. त्याचे कान लालभडक झाले. हात मात्र... त्याने सोडला नाही. तो फुगा आम्ही इतका वेळ गुळगुळीत केला की ढमी शेवटी म्हणाली, "अगं, पुरे. त्याला आता मिशी फुटायची नाही."

रविवारी मावशी आम्हा दोघांना क्रीडागृहात घेऊन गेली. मावशी आणि तो दर रविवारी तिथे जाऊन फुकट केस कापतात, हे मला तेव्हा कळलं. मी आरसा धरायचा, असं ठरलं. एक आजोबा दाढी झाल्यावर आरशात इतकं रोखून बघत राहिले, जणू फार दिवसांनी कोणी ओळखीचं भेटलंय. मग माझ्याएवढी एक मुलगी खुर्चीत बसली. तिचे केस वेडेवाकडे, कुठे आखूड, कुठे लांब. वाटेत धुवायला पाणी नव्हतं म्हणून तिने स्वतःच कापले होते. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने माझी वेणी हातात घेतली आणि आपल्या कमरेवर हात ठेवून दाखवलं – माझे इथपर्यंत होते. मग दोन बोटं कपाळावर नाचवली. तिला पुढचे केस भुवयांपर्यंत कापून हवे होते, झोकात.

त्याने जीव लावून कापले. ती आरशात बघून खुदकन हसली आणि तिला बघून मीही.

परतताना त्याने चालता चालता माझ्या वेणीकडे पाहिलं.

"ऐक ना," तो म्हणाला. "ती पैज होती, मला माहीत आहे. तुझ्या मैत्रिणी बाहेर किती मोठ्याने हसत होत्या... मी काच पुसून टाकतो. पैसे कोणी परत मागणार नाही."

हो म्हणावंसं वाटलं. कारण मला केस हवे होते. रोज सकाळी आई माझी वेणी घालते. तेवढाच वेळ आम्ही दोघी न भांडता बोलतो. मार्कांपासून मैत्रिणींपर्यंत सगळं तिला मी पाठमोरी बसूनच सांगत आले आहे.

"नको पुसू," मी म्हणाले. "तेव्हा पैज होती. आता नाही." आणि मग – विचारूनच टाकलं. "पण टकली झाल्यावर... तू बघशील माझ्याकडे?"

"तू नाडी बांधायला वाकायचीस तेव्हा मला नुसती वेणीच दिसायची," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला चेहरा बघायचाय. रोज. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. पुढचा रस्ता मी चालत गेले की तरंगत, देव जाणे.

आज दुपारी बॉयलर बसला. नळातून पहिली वाफ आली तेव्हा सगळं क्रीडागृह टाळ्या वाजवत होतं. मी थेट सलूनमध्ये जाऊन खुर्चीवर बसले, तर मावशीने वस्तरा मागे लपवला. "शाळकरी पोरीच्या केसांना मी असा हात लावत नाही. आधी घरी सांगून ये. होकार आण, मग बस."

म्हणून आता जेवणाच्या टेबलाशी मी उभी आहे. बाबांचा घास हातातच राहिलाय. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहून पाण्याचा ग्लास खाली ठेवलाय. पाठमोरी बसून सांगणं किती सोपं होतं... पण आज समोरूनच सांगायचं, असं मी ठरवलं आहे.

"आई, बाबा, उद्या मी टक्कल करणार आहे. शब्द दिलाय आणि तो मला पाळायचाय, पण तुमचा होकार हवा. आणि जो करणार आहे ना, तो मुलगा मला आवडतो. दोन्ही एकदमच सांगितलं, म्हणजे तुम्हाला एकदाच ओरडता येईल."