विसावं पोर

हॅनफर्ड रोडवर मी अकरा वर्षं पोरं पलीकडे नेली. सकाळी सव्वाआठ ते नऊ, दुपारी सव्वातीन ते चार. मेलबर्नच्या पश्चिमेला खाणीतून बंदराकडे दगड वाहणारे ट्रक जातात, तो हा रस्ता. काम सोपं होतं. दोन्ही फूटपाथवर लोखंडी नळ्या पुरलेल्या असतात, त्यांत नारिंगी झेंडे खोचायचे आणि ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी घेऊन मध्ये उभं राहायचं. झेंडे लागले की ते क्रॉसिंग, तिथे ट्रकवाल्याने थांबायलाच हवं. झेंडे काढले की नुसतं डांबर. मग त्यावर पोर असो की मांजर, कायदा तोंड उघडत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवा राहू दे तिथेच, डोळ्यावर आला तरी मला चालतो.

आधी जोडी प्रिंगलचं सांगायला हवं. सात वर्षांची, दात पडलेली, कायम उशिरा येणारी पोरगी. दोन हिवाळ्यांमागे एका सकाळी मी बरोबर नऊला झेंडे काढले. आदल्या महिन्यात मी ते उशिरा काढले म्हणून कौन्सिलचं पत्र आलं होतं, म्हणून त्या दिवशी घड्याळ बघून काढले. झेंडे काखेत मारून मी कोपऱ्यापर्यंत पोचले आणि मागून ब्रेकचा आवाज आला. नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

आठवड्याने मी कौन्सिलमध्ये गेले. म्हटलं, आतातरी सिग्नल लावा. साहेबाने फाईल उघडली आणि म्हणाला, “या क्रॉसिंगवर अपघात शून्य आहेत.”

“आणि जोडी?”

“ती क्रॉसिंगवर नव्हती, बाई. झेंडे काढलेले होते. त्या वेळी तिथे क्रॉसिंगच नव्हतं.”

“मग ती मेली कुठे?”

त्याने पेनाचं टोपण लावलं. मी चौथीपर्यंत शिकले, तेही माल्टामध्ये, पण एवढं मला तेव्हाच कळलं की या पोरीला मरूनही कोणी हिशेबात धरलेलं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, दुसरं पत्र आलं. पोरं कमी झाली आहेत, माणूस पाठवून मोजणी करू. सकाळच्या वेळात वीस पोरांनी रस्ता ओलांडला तर क्रॉसिंग राहील. एकोणीस झाली तर झेंडे बंद, मी बंद.

मोजणीच्या दिवशी धुकं होतं. असं धुकं की पलीकडचा झेंडा दिसत नव्हता, ट्रकचे दिवे आधी पिवळे डाग व्हायचे आणि मग एकदम अंगावर यायचे. वारा खाटीकखान्याकडून होता, वास घशात बसत होता. त्यात आठवडाभर शाळेत फ्लूची साथ.

मोजायला कौन्सिलचा मर्व्हिन आला होता. साठीचा, राखाडी, घडीच्या खुर्चीत बसलेला. हातात ते छोटं यंत्र, अंगठ्याने दाबलं की टिक आणि आकडा पुढे.

पावणेनऊला मी विचारलं, “किती?”

“सोळा.”

“मला धर की त्यात. उंचीने मी पोरच आहे.”

“वजनाने तीन आहेस, चेन्सा.”

“मग तीनदा दाब.”

तो हसला, पण अंगठा हलवला नाही. मग व्हिएतनामी बहिणी एकाच रेनकोटात आल्या, त्याने एक धरली. मी रेनकोट वर केला. “बघ. पाय चार आहेत.” त्याने आणखी एकदा टिक केलं. नऊला दोन मिनिटं असताना बेकरीवाल्याचा पोरगा धावत आला. एकोणीस.

“एकाच पोराचा प्रश्न आहे, मर्व्हिन. दाब. कोणाच्या बापाचं जातंय?”

“माझं जातं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.”

“उद्यापासून हीच पोरं एकटी ओलांडतील. झोप लागेल तुला?”

“मला तशीही लागत नाही.”

शाळेची घंटा झाली.

“झेंडे काढ, चेन्सा. नऊ झाले.”

“माझं घड्याळ मागे आहे.”

“घंटा झाली ना आत्ता.”

“मी बहिरी आहे.”

आणि मी झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. कोणीतरी येईल, उशिरा येणारं एखादं पोर येईल, असं मनात म्हणत होते. नेमकं काय मागत होते, ते तेव्हा मला कळलं नाही.

दगडांनी भरलेला एक ट्रक धुक्यातून आला आणि रेषेवर थांबला. मी शिट्टी वाजवली नव्हती. पाटी खाली होती. त्याच्यामागे दुसरा थांबला, तिसरा थांबला. समोरच्या बाजूनेही थांबले. इंजिनं चालू होती, पण त्यांचा आवाज कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे गेल्यासारखा झाला. खाटीकखान्याचा वास गेला. त्याच्या जागी ओल्या लोकरीचा वास आला, हीटरसमोर स्वेटर वाळत घातल्यावर येतो तसा.

टिक.

“वीस,” मर्व्हिन पुटपुटला.

“कुठाय?”

“तुझ्यासमोर... मध्ये उभी आहे ना. ने तिला.”

मला पांढरी रेष दिसत होती आणि धुकं. बाकी काही नाही. पण पोराला रस्त्याच्या मध्ये सोडायचं नसतं, अकरा वर्षांत मी कधी सोडलं नव्हतं. मी पाटी उचलली, मधोमध गेले आणि डावा हात बाजूला धरला.

हात भरला. थंड, लहान, चिकट. जॅम लावलेला टोस्ट खाऊन तसेच निघालेल्या पोराचा असतो तसा. मी खाली बघितलं नाही. म्हटलं, “चल, जोडी.”

आम्ही चालू लागलो. ती हळू चालत होती, मध्येच एक उडी मारत होती, रेषा चुकवायला पोरं मारतात तशी. फूटपाथची कड एका पावलावर आली आणि हात रिकामा झाला.

“पोचली का रे?” मी वळून विचारलं.

“नाही... परत मध्ये जाऊन उभी राहिली.”

मी परत गेले. हात भरला. कडेला आणलं, हात रिकामा. परत गेले. सात वेळा नेलं मी तिला. जोरात ओढलं, हळू नेलं, शेवटच्या पावलाला उचलूनसुद्धा बघितलं. उचलताना वजन होतं, अगदी खरं. फूटपाथवर ठेवताना नव्हतं. रस्ता भरून ट्रक उभे होते आणि एकानेही हॉर्न दिला नाही.

“अजून मध्येच आहे,” मर्व्हिन म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “तुझ्याकडे बघतेय, चेन्सा.”

हात खांद्यापर्यंत गार पडला होता. किती वेळ उभी राहणार होते मी? दुपारपर्यंत? जन्मभर? तुम्ही राहिला असता, असं म्हणू नका. मी फूटपाथवर आले आणि झेंडे काढले. दुसऱ्यांदा काढले.

मर्व्हिनने डोळे मिटून घेतले. मी उघडे ठेवले, तेवढं तरी मी तिचं देणं लागत होते. पण मला काही दिसलंच नाही. ट्रक निघाले, एकामागून एक, सरळ.

मर्व्हिन प्रामाणिक निघाला. त्याने वीस लिहिले आणि शेवटच्या पोरासमोर वेळ लिहिली, नऊ वाजून चार मिनिटं. ऑफिसात कोणीतरी त्या ओळीवर लाल रेघ मारली. मोजणीची वेळ नऊपर्यंत होती. एकोणीस.

ऑगस्टमध्ये माणसं आली, नळ्या उपटल्या, भोकांत सिमेंट भरलं. अर्ध्या तासात काम झालं.

मी तरी रोज सकाळी जाते. पाटी काढून घेतली आहे. नुसता हात वर केला तर पोलीस दोनदा येऊन दम देऊन गेला. आयांना सांगून बघितलं, पुलावरून न्या. पूल इथून दोन किलोमीटरवर आहे, त्या कामाला जाणाऱ्या बायका आहेत, बिचाऱ्या हसतात. पोरं धावत ओलांडतात आणि मी फूटपाथवर लाकडासारखी उभी असते.

घंटा झाल्यावर चार मिनिटांनी ट्रक थांबतात. रोज. एक पोरगी रस्ता ओलांडेल तेवढा वेळ थांबतात आणि निघतात. वर्षभर तेवढाच वेळ होता. या हिवाळ्यात तो वाढायला लागला. आधी थोडा, मग बराच. गेल्या मंगळवारी इतका वाढला की मला राहवलं नाही. मी पहिल्या ट्रकच्या खिडकीशी गेले. दाढीवाला माणूस, एका हातात खिम्याची पेस्ट्री, नजर समोर.

“कशाला थांबलास रे?”

“पोरं चाललीयत ना.”

“किती?”

“मोजतंय कोण... संपतच नाहीयेत, बाई.”

समोर मोकळा रस्ता होता. मी खिडकीची कड धरली. “अंगात काय आहे त्यांच्या?”

त्याने माझ्याकडे बघितलं, वेडीकडे बघावं तसं. “स्वेटर. पुढचीचा हिरवा. बाकी सगळ्यांचे निळे.”

जोडी गेली तेव्हा शाळेचा स्वेटर हिरवा होता. निळा आला तो याच फेब्रुवारीत. निळ्या स्वेटरमधलं एकही पोर या रस्त्यावर अजून मेलेलं नाही. आज सकाळीही मी शाळेच्या फाटकापाशी जाऊन मोजली. सगळी आहेत.